कालवा उजव्या हाताला

८ मार्च, शनिवार

गाडीची किल्ली आज शि.ने स्वतःहून हुकाला अडकवली. डॉक्टरांनी गुरुवारीच सांगितलं होतं, पण दोन दिवस ती त्याच्या खिशातच होती. काचबिंदू. कडेचं दिसणं गेलंय, मधलं शाबूत आहे. पेपर वाचतो, सुईत दोरा माझ्याआधी ओवतो, आणि बाजूने आलेला ट्रक दिसत नाही.

टूवूंबात गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. बस असून नसल्यासारखी. यापुढे नवऱ्याची ड्रायव्हर मी.

चहा पिताना एकदम म्हणाला, "सप्टेंबरात फ्रान्सला जाऊ. सायकलने. कालव्याच्या काठाकाठाने."

मी हसले. तो हसला नाही.

९ मार्च, रविवार

विषय संपलेला नव्हता. सकाळी डायनिंग टेबलावर नकाशा. दक्षिण फ्रान्समधला जुना कालवा, राजेरजवाड्यांच्या काळातला. डोंगर चढून पलीकडे उतरतो. दारं उघडून-मिटून, पाणी भरून-सोडून बोट पायरीपायरीने वर नेतात. शि.ने हे इंजिनिअरिंगला असताना वाचलं आणि तेव्हापासून डोक्यात घेऊन बसलाय. वडील पाटबंधारे खात्यात, नगरकडे इरिगेशन कॉलनीत वाढला, सायकल शिकला ती कालव्याच्या भरावावर. स्वतः आधी सरकारी नोकरीत, मग इकडे ऑस्ट्रेलियात येऊन कापसाच्या शेतांना पाणी. पाणी आणि उतार याखेरीज या माणसाला फारसं काही कळत नाही, आणि ते मात्र फार कळतं.

मुद्दा असा मांडला. काठावरून पूर्वी घोडे बोटी ओढायचे, तीच वाट आता सायकलींना दिलीय. गाड्यांना बंदी. "बाजूने काही येणारच नाही. समोरचं मला दिसतं. मग अडचण काय?"

चूक सापडेना, म्हणून चिडले.

शेवटी अट घातली. आधी इथे. ब्रिस्बेन नदीच्या खोऱ्यातली जुनी रेल्वे, रूळ उखडून सायकलींची वाट केलीय ती. तिथेही गाड्या नाहीत. गायी आहेत. जमलं तर तिकिटं.

"म्हणजे परीक्षा."

"हो. आणि मीही येणार."

मी कॉलेज सुटल्यापासून सायकलवर बसलेले नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

१३ मार्च, गुरुवार

लॅबमध्ये दिवसभर मायक्रोस्कोप. एका गोल खिडकीतून बघायचं, बाहेरचं काही नाही. मला त्याचा पगार मिळतो, शि.ची गाडी गेली.

डॉ.ना फोन केला, सायकलचं विचारलं. "रस्त्यावर नको. सोबत कोणी हवं." बरं, सोबत आहेच.

तपासणीच्या मशीनबद्दल एक गंमतही सांगितली त्यांनी. दिवा लुकलुकला की बटण दाबायचं असतं. शि. दिव्यांचा ताल धरून अंदाजाने दाबतो. मशीनला कळतं म्हणाले. घरी आल्यावर विचारलं तर म्हणतो, "प्रत्येक सिस्टीमला एक पॅटर्न असतो."

२२ मार्च, शनिवार

स्प्रिंगफील्ड लेक्स, डॉल्फीकडे. डॉल्फी वसईचा, शि.चा पहिल्या नोकरीतला दोस्त. रिटायर झाल्यापासून सायकलींचं वेड. गॅरेजमध्ये गाडीला जागा नाही, सायकलीच सायकली. मला एक दिली. शि.ने स्वतःची नवी घेतलीय, हिरवी.

"वहिनी, सीट खाली घेऊ काय? पाय टेकले की भीती जाते."

पाय टेकले, भीती गेली नाही. तळ्याभोवतीच्या वाटेवर दोन फेऱ्या. बदकांनी मला वाट दिली, मी त्यांना देऊ शकले नसते.

शि. मात्र सायकलवर बसला आणि दहा वर्षांनी लहान झाला. पाठ सरळ, एक हात हँडलवर. बघत राहिले. बरं वाटलं, उगाच नाही म्हणत.

मग कुत्रं. डावीकडून आलं, पट्टा लांब, धरणारी बाई फोनवर. तिने ओढून घेतलं म्हणून वाचलं. शि. तसाच पुढे गेला. बाई म्हणाली, "नो वरीज." शि.ने मला विचारलं, "कोणाला म्हणाली ती?"

कुत्रं होतं हेच त्याला माहीत नव्हतं.

डॉल्फी म्हणाला, "शिऱ्या, तू वहिनींच्या मागे चालव. त्या पुढून ओरडतील. मी बायकोच्या ओरडण्यावरच चालतो इतकी वर्षं."

तसं ठरलं. मी पुढे, नारिंगी जॅकेट घालून. शि.ने नजर जॅकेटवर ठेवायची. फाटक, खड्डा, जनावर, जे असेल ते मी ओरडून सांगायचं.

५ एप्रिल, शनिवार

फर्नवेल ते लोवूड आणि परत. पहिली खरी फेरी. वाट कच्ची पण सपाट, दोन्ही बाजूंना कुरणं. रेल्वेची वाट म्हणून चढ अंगावर येत नाही. शि. मागून व्याख्यान देत होता, वाफेच्या इंजिनाला किती उतार झेपतो वगैरे. मला फक्त मांड्यांचं कळत होतं.

डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. लोवूडला बाकावर बसून खाल्ल्या. एक म्हातारे गृहस्थ सायकल टेकवून शेजारी बसले, अर्धी दशमी त्यांनीही खाल्ली. "व्हॉट आर यू शाउटिंग, लव्ह? वी कॅन हिअर यू फ्रॉम द ब्रिज." सांगितलं. हसले, मग शि.कडे बघून हसायचे थांबले.

शि.ला ते थांबलेलं आवडलं नाही.

माझा घसा बसला. बाकी पास.

१२ एप्रिल, शनिवार

ईशाचा फोन. लेक क्लेटनला असते, युनिव्हर्सिटीत नोकरी. बाबाने तिला कालव्याचे फोटो पाठवले होते.

"आई, धिस इज मॅड. पाण्याच्या बाजूने? ही कान्ट सी साइडवेज!"

"मी पुढे असणार."

"अँड इफ यू फॉल?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला नव्हता.

"यू नेव्हर से नो टू हिम," ईशा म्हणाली. तिला वाटतं तसं नाही. मी पुष्कळ वेळा नाही म्हणते. तो ऐकत नाही, ही वेगळी गोष्ट.

२० एप्रिल, रविवार

शि. पडला.

टूगूलावाच्या अलीकडे. रेल्वेचा पूल काढून टाकलाय तिथे वाट ओढ्यात उतरते आणि पलीकडे चढते. उतार तीव्र, मध्ये खडी. मी आधी उतरले, ओरडले, "अहो, खड्डा!" मागे आवाज. वळून बघते तर सायकल एकीकडे, शि. दुसरीकडे, मनगट धरून.

पाणी नव्हतं ओढ्यात. असतं तर? हा विचार आला, बाजूला ठेवला, आधी मनगट बघितलं. बोटं हलत होती. भीती वाटली, राग त्याहून जास्त. कोणावर ते कळेना.

डॉल्फी एस्कला गाडी घेऊन थांबला होता. त्याला फोन. तो येईपर्यंत दोघं ओढ्यात बसून. शि. म्हणाला, "मला खड्डा दिसला असता."

"मग?"

"तू हाक मारलीस."

२१ एप्रिल, सोमवार

एक्सरे. फ्रॅक्चर नाही, मुरगळलंय. पट्टा सहा आठवडे. ईस्टरची सुट्टी, इमर्जन्सीत गर्दी. ओळखीची नर्स म्हणाली, "बाइक? अ‍ॅट हिज एज?" शि.ने ऐकलं नाहीसं दाखवलं. कान उत्तम आहेत.

घरी आल्यावर ते "हाक मारलीस" प्रकरण नीट विचारलं. लॅबमध्ये रिपोर्ट चुकला की आधी नमुना कुठून आला ते बघतात, तसं.

असं निघालं. मी "अहो" म्हटलं की शि. मान वर करून माझ्याकडे बघतो. घरात, दुकानात, कुठेही. लग्न झाल्यापासून. "अहो" म्हणजे काहीतरी हवंय, चेहरा बघून ओळखायचं काय ते. वाटेवरही तेच झालं. मी "अहो" म्हटलं, त्याने जॅकेटवरून नजर उचलून माझ्या डोक्याकडे पाहिलं. साध्या माणसाला खालची जमीन तरीही दिसते. शि.ला नाही. तो चेहरा बघतो तेव्हा फक्त चेहराच असतो.

लोवूडला निभावलं कारण तिथे खड्डेच नव्हते.

"मग 'अहो' नको म्हणूस. नुसतं 'खड्डा' म्हण," शि.

सोपं आहे. करून बघितलं. स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, मीठ!"

२६ एप्रिल, शनिवार

दिवसभर सराव. शि. हॉलमध्ये, मी आत. "फाटक!" म्हणायचं. तोंडातून "अहो, फाटक!" बाहेर पडतं. चार वेळा, पाच वेळा. शि. हसून हसून सोफ्यावर आडवा.

शेवटी तो म्हणाला, "नावाने हाक मार. ती सवय मला नाही. मान वर जाणार नाही."

ही सवय मलाही नाही. इथे लिहिताना एकेरी लिहिते, नाव निम्मंच, पण तोंडाने आजवर घेतलेलं नाही. लग्नातला उखाणा आणि ऑफिसातले फॉर्म सोडून. सासूबाई म्हणायच्या, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं. माझा विश्वास नाही. पॅथॉलॉजीत आयुष्य कशाने कमी होतं ते रोज बघते. तरी जीभ वळेना. हे ईशाला सांगितलं तर ती फोनवर इतकी हसली की शेजारच्या कोणीतरी तिला विचारलं काय झालं. "माय मम कान्ट से माय डॅड्स नेम," असं सांगत होती.

३० एप्रिल, बुधवार

गाडीत एकटी असताना म्हणून बघते. हॉस्पिटलला जाताना, सिग्नलला. शिरीष. शिरीष, फाटक. शिरीष, गाय. काच बंद.

लाज वाटते. का, ते नाही सांगता येत. लग्नाआधी एकदा पत्रात लिहिलं होतं, तेवढंच.

१७ मे, शनिवार

शि.चा पट्टा अजून आहे, म्हणून चालत सराव. इथल्याच पार्कात, सकाळी धुकं. मी पुढे, तो मागे.

"शिरीष, दगड!"

मागून पावलांचा आवाज थांबला. वळले. तो उभा, मान खाली, दगडाकडे बघत. मान वर गेलेली नाही. मग म्हणाला, "पुन्हा म्हण."

"कशाला? दगड गेला."

"दगडाचं नाही म्हणत."

नाही म्हटलं पुन्हा. पण तो दिवसभर खुशीत. भांडी न सांगता घासली.

७ जून, शनिवार

यारमन. तीन दिवसांची परीक्षा, सोमवारी रजा. डॉल्फीने दोघांना सायकलींसकट आणून सोडलं. "वहिनी, फोन लागत नाही मधे मधे. देव आहेच." त्याने क्रॉस केला, मी नमस्कार.

थंडी कडाक्याची, गवतावर दंव. ब्लॅकबटला बेकरीत गरम पॅटिस खाल्ले. पुढे जंगलातून लांबच लांब उतार, लिनविलपर्यंत. पॅडल मारावं लागत नाही. ओरडत गेले, "शिरीष, फांदी. शिरीष, वळण डावीकडे. शिरीष, माणसं." समोरून येणाऱ्या दोघी बाया मागे वळून म्हणाल्या, "मॉर्निंग, शिरीष!" तोही "मॉर्निंग!"

एकदाही चुकला नाही. फाटकं, ओढे, सगळं. लिनविलला पबच्या वर खोली. मांड्या दगड. पण पास, पहिल्या दिवशी पास. मला स्वतःचंही कौतुक वाटलं.

८ जून, रविवार

लिनविल ते टूगूलावा. सकाळी नदी दिसत राहते, मग लपते. पेलिकन होते पाण्यावर, एवढ्या आत कुठून आले कोण जाणे. कांगारूंचा कळप वाटेच्या बाजूबाजूने बराच वेळ, उड्या मारत, आमच्याच वेगाने. पिल्लू मागे पडलं की आई थांबायची. असं मी कधी बघितलेलं नाही, इतकी वर्षं राहून.

मूरला कॉफीला थांबलो. मी म्हटलं, "कांगारू काय मस्त होते ना?"

"कुठे?"

"बाजूला. डावीकडे. बराच वेळ."

"अच्छा."

मग सगळं विचारलं. नको होतं विचारायला, विचारलं. पेलिकन? नाही. लिनविलच्या अलीकडचा तो निळा डोंगर? नाही. नदी? "आवाज आला पुलावर."

काल, आज, एवढे कि.मी., शि.ने काय बघितलं? माझं जॅकेट.

"बाजूला बघायला मान वळवावी लागते," तो म्हणाला, शांतपणे, एखाद्या पंपाचं सांगावं तसं. "वळवली की वाट जाते. म्हणून नाही बघत."

"आणि फ्रान्समध्ये? कालवा कुठे असतो?"

"उजव्या हाताला. बराचसा."

"म्हणजे तुम्ही सगळा कालवा..."

"थांबू तेव्हा बघीन. दारांपाशी थांबूच. आणि पाणी शेजारी आहे हे कळतं. वास येतो, गारवा लागतो. पुरे."

कॉफी गार झाली. पुरे म्हणतो. मला नाही पुरत. रडायला आलं, तिथेच, बाकी टेबलांवर माणसं होती. शि. उठून बिल द्यायला गेला आणि खूप वेळ लावला.

९ जून, सोमवार

टूगूलावाहून एस्क. पास.

कोणीही हा शब्द काढला नाही.

२६ जून, गुरुवार

डॉ.कडे. या वेळी शि.ने अंदाजाने बटण दाबलं नाही, मी बजावलं होतं. तीन महिन्यांत खिडकी आणखी लहान. नवीन थेंब, पुढे ऑपरेशनची शक्यता. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं.

फ्रान्सचं मीच काढलं. डॉ. म्हणाले, जायचं तर यंदा जा. सायकल स्वतः चालवण्याबद्दल मात्र, पाण्याच्या काठाने, ते हो म्हणू शकत नाहीत. नाही म्हणायचा अधिकार आपला नाही असंही म्हणाले. हे बरं असतं डॉक्टरांचं.

परतताना मी गाडी चालवत होते, शि. समोर बघत. "यंदा जा म्हणाले," एवढंच तो बोलला. त्याने त्यातलं तेवढंच घेतलं.

५ जुलै, शनिवार

डॉल्फीचा फोन. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "वहिनी, टँडेम. दोन सीटांची. पुढचा हँडल सांभाळतो, मागचा नुसतं पॅडल मारतो. शिऱ्या मागे बसून पाहिजे तिकडे मान वळवील. वाट तुम्ही बघा." त्याच्या चर्चमधल्या कोणाकडे आहे, आणून ठेवतो म्हणाला.

इतकं साधं. मला का सुचलं नाही?

शि.ला सांगितलं. चेहरा पडला.

"डबलसीट?"

"डबलसीट नाही, पॅडल तुम्हीपण मारायचं."

"हँडल तुझ्याकडे. ब्रेक तुझ्याकडे. मी सामान."

गाडीची किल्ली देताना तो असं काही बोलला नव्हता. तेव्हाचंही आज बोलला असावा.

मी पण बोलले. म्हटलं, ओढ्यात पाणी असतं तर काय झालं असतं? मी पोहून काढलं असतं तुम्हाला? मला पोहता येत नाही. आवाज चढला. शेजारीण कुंपणावरून डोकावली, "यू ऑलराइट, लव्ह?" ऑलराइट म्हटलं.

६ जुलै, रविवार

अबोला. वरण-भात. शि.ने हिरवी सायकल पुसली, चेनला तेल दिलं. पाहुण्यासारखं जपतो तिला.

१५ जुलै, मंगळवार

तिकिटं काढली. दोघांची. सायकलींचं न ठरताच. ईशाला कळवलं, ती म्हणाली, "ओके. बट विच बाइक, आई?" तिलाही तेच.

तिथल्या सायकली भाड्याने देणाऱ्या बाईंचीही मेल आलीय. सप्टेंबरात मागणी फार, दोन सायकली ठेवू की एक टँडेम, या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवा.

मेल शि.ला वाचून दाखवली नाही. तो स्वतःच वाचून बसला होता.

१९ जुलै, शनिवार

स्प्रिंगफील्ड लेक्स. गेलो दोघंही, कारण डॉल्फीने जेवायला बोलावलं आणि नाही म्हणता येईना. टँडेम अंगणात उभी. लांबलचक, लाल. शि. तिच्याभोवती फिरला, वेल्डिंग बघितलं, चेन बघितली. "काम चांगलं आहे," म्हणाला. लोखंडाला.

डॉल्फी म्हणाला, "शिऱ्या, एक फेरी. माझी बायको बघतेय खिडकीतून, इज्जत ठेव."

बसला. मागे.

पहिली सुरुवात तीनदा फसली. मी पाय उचलते तेव्हा तो टेकवतो. मग शि.ने मागून "एक, दोन" म्हटलं आणि निघालो. जड. वळत नाही पटकन. मी हँडल इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी. वाट, वाट, फक्त वाट. समोर पोरं, एक बाबागाडी, वळण, चिखल. कोणाला ओरडून सांगायचं नाही, सगळं एकटीने झेलायचं. मागून जोर मात्र असा येत होता की चढावर मला काही करावंच लागलं नाही.

आणि मागे शि. गप्प. सामान म्हणाला होता ना, सामानासारखा. वाटलं, ही फेरी काही बरी होत नाही.

तळ्याच्या पलीकडच्या टोकाला गेल्यावर त्याचा आवाज आला. "ते काळं बदक आहे ना, त्याची चोच लाल आहे."

मग थांबेना. झाडाखाली कोणाचं तरी लग्नाचं शूटिंग चाललंय, नवरीने बूट काढून हातात घेतलेत. एक म्हातारा गळ टाकून झोपलाय. पाण्याची पातळी खाली गेलीय, काठावर रेघ दिसते, विसर्ग कुठून ठेवलाय बघ. "बघ" म्हणतो! मी कशी बघू?

जेवताना डॉल्फीच्या बायकोला सगळं तळं सांगितलं. डावं, उजवं, पलीकडचं. मी ऐकत होते. त्याने सांगितलं त्यातलं मी काहीच पाहिलेलं नव्हतं.

घरी येताना घाट चढून वर आलो. फ्रान्सचं नाव नाही. मीही काढलं नाही, चांगलं चाललेलं कशाला.

२३ जुलै, बुधवार

बाईंना परवापर्यंत कळवायचं.

कामावरून आले, पिठलं टाकलं. शि. लसूण सोलत होता. विचारलं, "काय कळवू?"

"टँडेम," म्हणाला.

मी पळी खाली ठेवली. इतक्या लवकर?

"पण शनिवारी तुला काही दिसलं नाही तळ्यावर," तो म्हणाला. "मी बघत होतो. तू पूर्ण फेरीत एकदाही मान वळवली नाहीस."

"वळवली असती तर दोघं तळ्यात."

"तेच म्हणतोय." एक पाकळी सोलली, दुसरी घेतली. "तिथे वाट सरळसोट आहे. मैलोन् मैल. पुढे मी बसतो. तू मागे बस. कालवा तू बघ."

मायेने म्हणाला की हँडल हवं म्हणून, कळलं नाही. बहुतेक दोन्ही. हे त्याला विचारून उपयोग नाही, त्यालाही माहीत नसणार.

पिठलं भांड्याला लागत होतं. गॅस बारीक केला. मागे उभा राहून तो उत्तराची वाट बघत होता.